थोडी जागा आणि पुष्कळ मुलें

"घरांत बसावयास जागा नाहीं, म्हणून अभ्यास झाला नाहीं," ही सबब प्रत्येक वर्गांत वर्षांतून अनेकदां ऐकूं येते. कित्येकदां ती आळशाची सबब असते. परंतु कित्येकदां ती अक्षरशः खरी असते, हें विसरतां कामा नये. इ. स. २०११ च्या शिरगणतींत असें आढळून आलें कीं, आपल्या देशांतील दर शंभर कुटुंबांपैकीं सुमारें ३७ कुटुंबें एकाच खोलींत व आणखी सुमारें ३२ कुटुंबें दोन खोल्यांत राहत होतीं. म्हणजे शंभरांपैकीं जवळजवळ सत्तर घरांत मुलांस अभ्यासाची निराळी खोली असण्याचा संभवच नव्हता. आमच्या छत्रपती संभाजीनगरांतही गुलमंडी-शहागंजकडील जुन्या दाट वस्तींत काय, किंवा सिडकोनें बांधलेल्या लहान घरांत काय, दोन खोल्यांत तीन-चार भावंडें वाढत आहेत असें दृश्य नवें नाहीं. नवें घर बांधणें बहुतेकांच्या हातीं नसतें. पण आहे त्या जागेचा विनियोग कसा करावा, हें मात्र प्रत्येकाच्या हातीं असतें. त्याच विषयाचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

प्रथम आपल्या जिल्ह्यांतीलच एक फार जुनें उदाहरण घेऊं. अजिंठ्याच्या बाराव्या क्रमांकाच्या लेण्यांत गेल्यास मध्यें एक चौरस दालन व त्याच्या तीन बाजूंस मिळून बारा लहान कोठड्या दिसतात. हें लेणें दोन हजार वर्षांहून जुनें आहे. प्रत्येक कोठडींत दगडांत कोरलेले दोन ओटे आहेत. ते भिक्षूंचे बिछाने होत. निजावयास जेवढें लागतें तेवढेंच कोठडींत दिलें असून बाकीची सर्व जागा मधल्या दालनास ठेविली आहे. वेरूळच्या पांचव्या लेण्यांत याची दुसरी बाजू दिसते. तेथें लांबच लांब दालनांत दोन ठेंगणे दगडी ओटे समांतर गेलेले आहेत. त्यांच्या कडेनें ओळीनें बसून भिक्षु भोजन किंवा पठण करीत असावेत असें विद्वान् म्हणतात. या दोन लेण्यांवरून एक साधा नियम निघतो: निजण्याची जागा आटोपशीर असावी, बसण्याची जागा सर्वांची मिळून असावी, आणि एका जागेनें दुसरीवर आक्रमण करूं नये.

दुसरें उदाहरण आगगाडीचें. येथून मुंबईस जाणाऱ्या देवगिरी एक्सप्रेसच्या शयनयानांत आपण बसलों, तर ज्या बांकावर दिवसा तिघे बसतात, त्याच्याच वर रात्रीं तीन बिछाने एकावर एक होतात. मधला बिछाना रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंतच उघडावा, असा रेल्वेचा नियम आहे. येथें जागा वाढलेली नाहीं. वेळ वांटून घेतलेला आहे. लहान घराचें सारें रहस्य या एका गोष्टींत सांठविलेलें आहे. जागा मोजून वांटणें हें अर्धें काम. वेळ ठरवून वांटणें हें उरलेलें अर्धें.

या दुसऱ्या अर्ध्याचा फार मोठा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेंत सांपडतो. त्यांचें कुटुंब मुंबईस परळ येथील चाळींत राहत असे. खोली एकच, तींतच चूल, तेथेंच सामानसुमान आणि तेथेंच माणसें. तेव्हां वडील रामजी यांनीं असा क्रम लाविला कीं, मुलानें संध्याकाळीं लवकर निजावें, स्वतः त्यांनीं रात्रीं दोनपर्यंत जागावें, मग मुलास उठवून अभ्यासास बसवावें व त्याच जागीं स्वतः निजावें. एका बिछान्याच्या जागेवर बाप व मुलगा पाळीपाळीनें निजले. तोच विद्यार्थी १९०७ सालीं मॅट्रिक झाला. आणि त्यानेंच पुढें स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं आपल्या या शहरांत, नागसेनवनांत, महाविद्यालय काढलें. दोन वाजतां उठण्याचा क्रम आम्ही कोणास सुचवीत नाहीं. वाढत्या मुलांस झोंप किती लागते तें आम्ही पुढें सांगणारच आहों. घेण्यासारखी गोष्ट ती कीं, मुलाच्या अभ्यासासाठीं जागा नाहीं असें म्हणून तो बाप थांबला नाहीं. त्यानें स्वतःच्या झोंपेची वेळ बदलली.

आतां प्रत्यक्ष मोजमाप करूं. एक घर कल्पूं: बाहेरची खोली दहा फूट रुंद व बारा फूट लांब, आंत एक स्वैंपाकघर, आणि वर गच्ची. माणसें सात: आईबाप, आजी व चार मुलें. त्यांत दहावींतली मुलगी, सातवींतला मुलगा व दोन लहान भावंडें. आईबापांनीं स्वैंपाकघरांत निजावें असें ठरलें, म्हणजे बाहेर पांच जणें राहिलीं. खोलीचें क्षेत्रफळ १२० चौरस फूट. मुलाच्या गादीस अडीच फूट रुंदी व साडेपांच फूट लांबी धरली, तर एकीस सुमारें १४ व चारांस सुमारें ५५ चौरस फूट लागतात. आजीच्या खाटेस १८ व कपाटास ५ चौरस फूट धरले, तरी ४० हून अधिक चौरस फूट जाण्यायेण्यास उरतात. म्हणजे अडचण वाटली तरी निजावयास जागा आहे. पण सकाळीं गाद्या तशाच पडून राहिल्या, तर ते ५५ चौरस फूट दिवसभर बुडाले! उठल्याबरोबर प्रत्येकानें आपली वळकटी बांधून घडवंचीवर किंवा आजीच्या खाटेखालीं ठेवावी; पांच वर्षांच्या मुलालाही आपली उशी व पांघरूण उचलतां येतें. जे पालक चार खाटा घेऊन खोली भरून टाकतात, त्यांनीं हा हिशेब एकदां खडूनें जमिनीवर आंखून पाहावा.

निजण्याच्या व्यवस्थेंत जागेपेक्षांही हवेस अधिक महत्त्व आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर बाईनें शुश्रूषेवर १८५९ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत आंतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध राखणें या नियमास अगदीं पहिलें स्थान दिलें आहे. एका खोलींत पांच जणें रात्रभर श्वास टाकीत असतां दारें-खिडक्या गच्च लावल्या, तर सकाळीं डोकें जड होतें. आणि घरांत कोणास क्षय किंवा इन्फ्लुएंझा असेल तर ते जंतु त्याच हवेंतून इतरांस गांठतात. ऊन हवा वर चढते, म्हणून भिंतीच्या माथ्याशीं एक झरोका व समोरच्या बाजूस एक खिडकी उघडी असल्यास हवेचा प्रवाह चालूं राहतो. गाद्या शेजारींशेजारीं घालाव्या लागल्या तर एकाचें डोकें पूर्वेस तर दुसऱ्याचें पश्चिमेस असें निजवावें. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत सैनिकांच्या बराकींतूनही हीच युक्ति योजिली होती, कारण त्यायोगें एकाचा खोकला दुसऱ्याच्या तोंडावर येत नाहीं. खोकणाऱ्या मुलास खिडकीजवळची जागा द्यावी व फार दिवस खोकला राहिल्यास दवाखान्यांत न्यावें.

आमच्या पठारावर उन्हाळा कडक, परंतु रात्रीं वारा सुटतो. म्हणून चैत्र-वैशाखांत पुष्कळ घरें गच्चीवर निजतात, हें उत्तमच. मात्र गच्चीस कठडा नसेल तर मुलांस तेथें निजवूं नये. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावरही निजवूं नये. तेथें दिवसाची सारी उष्णता सांठलेली असते. माळा सामानासाठींच बरा. आणखी एक गोष्ट: पाण्याच्या टंचाईमुळें घरोघर पिंपें भरून ठेवावीं लागतात, व उघड्या पिंपांत डेंग्यूचे डांस होतात. हे डांस दिवसा चावतात, म्हणजे नेमके अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या पायांस! पिंपावर घट्ट झांकण असावें, आठवड्यांतून एकदां तें रिकामें करून घांसावें, आणि रात्रीच्या डांसांसाठीं मच्छरदाणी लावावी.

झोंपेच्या वेळेविषयीं वैद्यकशास्त्राचें मत असें कीं, सहा ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ ते बारा तास व तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोंप हवी. या भेदाचा लहान घरास मोठा उपयोग आहे. धाकटीं भावंडें साडेआठास निजलीं म्हणजे थोरल्यांस पुढें दीड तास निवांत मिळतो. मात्र त्या वेळीं खोलीचा मोठा दिवा मालवून थोरल्यांनीं आपल्यापुरता लहान दिवा घ्यावा, व त्यावर निजलेल्यांच्या बाजूस पुठ्ठ्याचा आडोसा लावावा.

अभ्यासाची जागा म्हणजे खुर्ची व मेज असलीच पाहिजेत असें नाहीं. भिंतीकडे तोंड करून घातलेली सतरंजी व पुढें उतरत्या फळीचें ठेंगणें डेस्क एवढ्यानें काम भागतें. डेस्क नसेल तर चौरंग घ्यावा. भिंतीकडे तोंड असल्यानें येणाराजाणारा दिसत नाहीं व मन फांकत नाहीं. दिवसा खिडकीचा उजेड डाव्या बाजूनें यावा, म्हणजे उजव्या हातानें लिहिणाऱ्याच्या हाताची सावली अक्षरावर पडत नाहीं. डावखुऱ्यानें याच्या उलट बसावें. रात्रीच्या दिव्याचा नियम विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानांत शिकलेला आहे: अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाई होतो. म्हणून छताशीं असलेल्या मोठ्या दिव्यापेक्षां दोन फुटांवरचा लहान दिवा पुस्तकावर अधिक उजेड देतो, आणि एका दिव्याशीं समोरासमोर दोघांस बसतां येतें.

सर्व अभ्यास एका प्रकारचा नसतो, हें ध्यानांत ठेविल्यास अर्धी भांडणें मिटतात. पाठांतरास आवाज लागतो. तें सकाळीं गच्चीवर किंवा ओसरीवर करावें. गणितास व निबंधास शांतता लागते. तीं आंत करावीं. नकाशे व चित्रें यांस उजेड लागतो. तीं दुपारीं खिडकीशीं बसून काढावीं. शिवाय घराबाहेरही जागा असते. शाळा सुटल्यावर परवानगीनें वर्गांत घालविलेला एक तास घरच्या गजबजाटांतील दोन तासांच्या बरोबरीचा होतो.

जागा सर्वांची असली तरी प्रत्येक मुलाचें असें कांहींतरी असावें. एक खुंटी, एक फळी व कुलपाची एक पेटी, एवढें चौघांसही देतां येतें. भिंतींतले कोनाडे यासाठीं फार उपयोगी पडतात. फळीवर मुलाचें नांव लिहावें व तिला त्याच्या परवानगीवांचून कोणीं हात लावूं नये, मोठ्यांनींही नाहीं. ज्या मुलास आपली वस्तु जागच्या जागीं सांपडते तें दुसऱ्याच्या वस्तूस हात लावीत नाहीं, असा वसतिगृहांतील नित्याचा अनुभव आहे.

आतां सर्वांत नाजुक गोष्ट. जागा थोडी असली म्हणजे ती कोणाकडून तरी काढून घेतली जाते, व पुष्कळ घरांत ती मुलीकडून काढून घेतली जाते. वर कल्पिलेल्या घरांत दहावींतली मुलगी पुस्तक उघडते तोंच "जरा भाकरी बघ," "धाकट्यास घे," "पाहुण्यांस पाणी दे," असें तिला उठविलें जातें. आणि सातवींतल्या भावास मात्र "त्याचा अभ्यास आहे" म्हणून कोणी हांक मारीत नाहीं. तिच्या जागेवर भाऊ बसतो, तिचा दिवा तो घेतो, आणि गुण कमी पडले म्हणजे "मुलीला शिक्षणाची गोडीच नाहीं" असें ठरतें. हा अन्याय कोणी हेतुपुरस्सर करीत नाहीं. पण त्याचें फळ त्या मुलीस जन्मभर भोगावें लागतें. यावर उपाय एकच: घरांतील वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीवर लावावें. कोणीं कोणत्या वेळीं कोणत्या कोपऱ्यांत बसावयाचें, पाणी कोणीं भरावयाचें, भांडीं कोणीं लावावयाचीं, हें त्यांत सर्वांच्या नांवानिशीं असावें. आणि ज्याची परीक्षा जवळ, त्यास उत्तम जागा द्यावी, मग तो मुलगा असो वा मुलगी. भाकरी भाजतां येणें हें भावासही लांच्छनास्पद नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, संध्याकाळचे दोन तास तरी घरांतील दूरदर्शन बंद असावें व मोठ्यांनीं आपले मोबाइलवरील संभाषण ओसरीवर नेऊन करावें. यास पैसा लागत नाहीं. थोडा संयम लागतो.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठीं एक शब्द. एका सतरंजीवर चौघे वाढतात, तेव्हां त्यांस लवकरच एक विद्या येते, ती अशी कीं, दुसरा वाचीत असतां आपला आवाज खालीं आणावा, दुसरा निजला असतां पाऊल हळू टाकावें, आणि आपल्या वांट्याची जागा आपणच झाडून ठेवावी. ही विद्या कोणत्याही परीक्षेंत विचारली जात नाहीं. परंतु पुढें ज्या ज्या घरांत, कचेरींत व गांवांत तुम्ही राहाल, तेथें तिची रोज गरज पडेल. आज रात्रीं घरीं गेल्यावर खडूचा एक तुकडा व मोजपट्टी घ्या, खोली मोजा, आणि आईबापांच्या समक्ष सर्व भावंडांनीं मिळून आपापल्या जागा आंखून घ्या. सर्वांत धाकट्याची जागा प्रथम आंखा, म्हणजे पुढचा हिशेब आपोआप न्यायानें होईल.