साडेत्रेसष्ट अंशांचे आभाळ

सोलापूर जिल्ह्यात उन्हाचा जाच एवढा की, मोडनिंबसारख्या गावी घर बांधणारा गृहस्थ खिडकीचा विषय निघताच ती लहान करावयास सांगतो; परंतु ऊन आणि उजेड या भिन्न वस्तू आहेत, आणि प्रकाशविषयक नियमांचा सारा पाया या भेदावरच उभा आहे. जुन्या माळवदाच्या घरांना तो ठाऊक होता: मातीच्या जाड भिंती उन्हाला बाहेर थोपवीत आणि माळवदातले साणे आभाळाचा उजेड खोलीच्या मध्यावर उतरवी.

शहरांनी हीच गोष्ट कायद्यात आणली ती मरणाच्या धाकाने. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, अंधाऱ्या चाळींकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी हिरिरीने पुरस्कारिलेला नियम साडेत्रेसष्ट अंशांचा म्हणून प्रसिद्ध आहे: खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमल्याच्या माथ्यापर्यंत ओढलेली रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करू नये, म्हणजे समोरचा इमला वीस फूट उंच असेल, तर मध्ये निदान दहा फूट जागा मोकळी हवी.

मात्र हा नियम आभाळाच्या उजेडाची तजवीज करतो, उन्हाची नव्हे. मोडनिंबला २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे एकोणपन्नास अंशच वर येतो आणि वीस फुटी भिंतीची सावली साडेसतरा फूट उत्तरेकडे पडते. दक्षिणेला बरोबर दहा फूट मोकळे सोडूनही तळमजल्याच्या पायथ्याशी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचे ऊन पोहोचत नाही, आणि नेमक्या त्याच महिन्यांत घरातल्या म्हाताऱ्यांना ते हवे असते.

राष्ट्रीय इमारत संहिता कोरड्या उष्ण प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एकदशांश खिडकी मागते, दमट उष्ण प्रदेशात एकषष्ठांश. आपल्याकडचा लहान आकडा उन्हाच्या भीतीची योग्य दखल घेतो. पण ती खिडकी तीन फुटी बोळात उघडत असेल, तर माझ्या मते कागदावरच्या मापाला काही अर्थ उरत नाही.

गावठाणात मजले चढू लागले आहेत. तेव्हा हद्दीवर भिंत उठविण्यापूर्वी डिसेंबरातल्या एका दुपारी तेथे काठी रोवा, सावली मोजा, भिंतीच्या उंचीशी तिचा हिशेब जुळवा, आणि उत्तरेकडच्या शेजाऱ्याला तो दाखवून मगच कुदळ मारा.