ट्राउट मासा आणि घरातील काचेची टाकी

मासे पाळावयाचे ठरले की मनुष्य प्रथम माशाची जात निवडतो आणि पाण्याचा विचार मागाहून करतो. वास्तविक हा क्रम उलट असावयास हवा. ट्राउट माशाच्या संगोपनावरून ही गोष्ट फार स्पष्टपणे ध्यानी येते.

ट्राउट हा मूळचा आपल्या देशातील मासा नव्हे. तपकिरी ट्राउटची अंडी काश्मीरसाठी प्रथम १८९९ मध्ये परदेशातून मागविण्यात आली, परंतु ती वाटेतच नष्ट झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली अंडी मात्र सुखरूप पोहोचली आणि पुढे श्रीनगरजवळील हारवान येथे त्यांची पैदास होऊ लागली. दक्षिणेत नीलगिरी पर्वतावरील ओढ्यांत, तसेच हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यातही हा मासा रुजला. ही सर्व ठिकाणे थंड व वाहत्या पाण्याची आहेत, हे लक्षात ठेवावे.

ट्राउटला साधारण १० ते १८ अंश सेंटिग्रेड तपमानाचे पाणी मानवते. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याची भूक मंदावते व २५ अंशांच्या सुमारास तो दगावू लागतो. पाणी तापते तसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. १० अंशांवरील एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच उरतो. उलट तापलेल्या पाण्यात माशाला प्राणवायू अधिक लागतो. असा त्याचा दुहेरी कोंडमारा होतो.

निसर्गात ट्राउटची मादी वाहत्या पाण्यातील वाळू-गोट्यांत खळगा करून अंडी घालते. म्हणून काचेच्या टाकीत नर-मादीची जोडी ठेवून पैदास होईल अशी आशा धरू नये. मत्स्यबीज केंद्रात हिवाळ्यात पक्व मादीचे पोट हलकेच दाबून कोरड्या भांड्यात अंडी काढतात, त्यावर नराचे वीर्य घेऊन पिसाने मिसळतात आणि मगच पाणी घालतात. पाण्याचा स्पर्श होताच शुक्रजंतूंची हालचाल सुरू होते व मिनिटभराच्या आत थांबते. म्हणून आधी पाणी घातल्यास बरीचशी अंडी फळत नाहीत.

घरी हा प्रयोग करावयाचा असल्यास डोळे दिसू लागलेली अंडी आणावीत. या अवस्थेत ती प्रवासाचे हिंदकळे बऱ्यापैकी सोसतात. टाकीला पाणी थंड करणारे यंत्र, गाळणी व हवेचा पंप अवश्य जोडावा. टाकी काही आठवडे आधी चालवून ठेवावी, म्हणजे माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू गाळणीत वाढतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन नाहीसा केल्याखेरीज ते पाणी वापरू नये. अंड्यांवर प्रखर उजेड पडू देऊ नये, आणि पांढरी पडलेली मृत अंडी रोज वेचून काढावीत, नाहीतर त्यांवरील बुरशी शेजारच्या अंड्यांस लागते. १० अंशांच्या पाण्यात फलनापासून सुमारे एक महिन्यात पिले बाहेर येतात. पोटाखालची अन्नपिशवी संपेपर्यंत त्यांना खाद्य लागत नाही. ती वर पोहू लागली की बारीक, प्रथिनयुक्त खाद्य थोडे थोडे व वारंवार द्यावे आणि उरलेले काढून टाकावे. अमेरिकेतील कित्येक शाळांतून मुले अशाच टाक्यांत अंडी उबवितात आणि पिले ठरवून दिलेल्या ओढ्यांत सोडतात.

यावरून एक गोष्ट उघड आहे. अशी टाकी शिक्षणाचे उत्तम साधन आहे, परंतु उत्पन्नाचे नव्हे. महाराष्ट्राच्या मैदानी भागात वैशाखातील एका दुपारी वीज गेली आणि यंत्र काही तास बंद पडले, तर महिनोन्‌महिन्यांचे कष्ट मातीमोल होतात. कर्ज काढून अशा साहसात पडणे शहाणपणाचे नाही. तसेच उरलेली पिले गावच्या ओढ्यात सोडू नयेत. परकी जात स्थानिक माशांस अपायकारक ठरू शकते.

आपल्या उष्ण पाण्यासाठी निसर्गाने रोहू, कटला व मृगळ हे मासे दिलेलेच आहेत. २५ ते ३० अंशांच्या पाण्यात ते जोमाने वाढतात. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पियूष ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांचे प्रजनन घडवून आणले आणि तेव्हापासून खात्रीच्या बीजाचा मार्ग खुला झाला. ग्रामसेवकांनी मत्स्यपालनाचा सल्ला देण्यापूर्वी उन्हाळ्याच्या एका दुपारी शेततळ्याच्या पाण्यात तपमापक बुडवून पाहावा. कोणता मासा पाळावा हे त्या पाण्यालाच आधी विचारावे.