गल्ल्याची नोंद आणि लपविलेले उत्पन्न

रोजकीर्दीतील रक्कम खोडली, तर कागदावर खाडाखोड दिसते. गल्ल्याच्या यंत्रातील नोंद पुसली, तर मागे काहीच उरत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

यंत्र प्रत्येक बिलास अनुक्रमांक देते आणि दिवसअखेर एकूण विक्रीचा गोषवारा छापते. त्यामुळे मधलाच क्रमांक गळाला, रद्द केलेली बिले फार झाली किंवा एखाद्या दिवसाचा गोषवाराच नसला, तर तपासनीसास पहिला धागा मिळतो. परंतु ‘झॅपर’ नावाची संगणक आज्ञावली काही रोख बिले पुसून उरलेल्यांना नव्याने क्रमांक देऊ शकते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या ‘स्ट्यू लेनर्ड्स’ या दुकानाचे प्रकरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. संगणकाच्या साहाय्याने सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरांची विक्री लपविल्याप्रकरणी मालकाने १९९३ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

अशा वेळी यंत्राच्या बाहेरील नोंदी उपयोगी पडतात. समजा, एका उपाहारगृहाने महिन्यात ४०० किलो तांदूळ वापरला आणि बिर्याणीच्या एका प्लेटला १२५ ग्रॅम तांदूळ लागतो. म्हणजे ३,२०० प्लेट व्हावयास हव्यात. गल्ल्यात २,४०० प्लेटच आढळल्या, तर ८०० प्लेटचा प्रश्न उभा राहतो. दुसरी कसोटी रोख आणि कार्ड यांच्या प्रमाणाची. कार्डाचा व्यवहार बँकेत नोंदला जात असल्याने पुसली जाते ती बहुधा रोख विक्रीच. म्हणून शेजारच्या तशाच दुकानांच्या तुलनेत रोखीचे प्रमाण फार कमी दिसले, तर चौकशीस जागा असते.

मात्र तफावत म्हणजे पुरावा नव्हे. नोकरांचे जेवण, नासाडी, उधारी किंवा मोठ्या प्लेट यांतही तांदूळ खर्च होतो. ८०० पैकी किती प्लेटचा हिशेब अशा कारणांनी लागतो, हे सांगण्याची संधी व्यापाऱ्यास मिळालीच पाहिजे. ती न देता निव्वळ अंदाजाने कर बसविला, तर प्रामाणिक माणूसही भरडला जातो. उलट, चोरी खपून गेली तर ग्राहकाने बिलासोबत भरलेला कर सरकारात पोहोचत नाही, आणि नियमाने कर भरणारा शेजारी स्पर्धेत मागे पडतो.

म्हणूनच काही देशांनी मूळ नोंदच सुरक्षित करण्याचा मार्ग स्वीकारला. कॅनडातील क्वेबेक प्रांताने २०११ मध्ये उपाहारगृहांना विक्रीची नोंद स्वतंत्रपणे साठविणारे उपकरण गल्ल्याला जोडणे सक्तीचे केले. जर्मनीतही २०२० पासून इलेक्ट्रॉनिक गल्ल्यांसाठी नोंद सुरक्षित ठेवणाऱ्या उपकरणाची अट लागू झाली आणि ग्राहकास पावती देणे बंधनकारक झाले.

थोडक्यात, यंत्रातील नोंद पुसता येते, पण तिच्याशी जोडलेल्या खरेदीच्या, बँकेच्या आणि ग्राहकाच्या हातातील नोंदी दुकानदाराच्या ताब्यात नसतात. पावती मागून घेणारा ग्राहक या साखळीतील एक साक्षीदारच ठरतो.