जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी: डॅशबोर्डवरचा काटा काय सांगतो?



पावसाळाभर शेडमध्ये उभे असलेले ट्रॅक्टर आता रब्बीच्या मशागतीला बाहेर निघतील. दरवर्षी याच दिवसांत ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "सेल्फ मारला की नुसतं टक् वाजतं, बॅटरी गेली का?" आणि उत्तर यायच्या आत बरेच जण तालुक्याला जाऊन नवी बॅटरी टाकूनही येतात. पंधरा दिवसांनी परत तेच टक्. मग दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायची.

बॅटरी जुनी होते, मरते, हे खरं. पण दोष बॅटरीत आहे, चार्जिंगमध्ये आहे की वायरीत, हे साध्या मल्टिमीटरने दहा-पंधरा मिनिटांत कळतं. नवी बॅटरी घेण्याआधी तेवढी पंधरा मिनिटं द्या. ही माहिती १२ व्होल्टच्या, पाणी टाकायच्या बॅटरीची आणि काट्याचं मीटर असलेल्या जुन्या ट्रॅक्टरची आहे.

*व्होल्ट वेगळा, अँपिअर वेगळा*

विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टर पेटीवर दोन मीटर असतात. व्होल्टमीटर लाइनला दाब किती आहे ते दाखवतो आणि अँपिअर मीटर मोटर किती करंट ओढतेय ते दाखवतो. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ट्रॅक्टरवरही हिशेब तोच, फक्त अँपिअर मीटरचा शून्य मधोमध असतो. काटा डावीकडे गेला की उणे, उजवीकडे गेला की अधिक. कारण बॅटरीतून करंट बाहेर पडतो तसा आतही येतो.

म्हणजे हा काटा बॅटरीत शिल्लक किती आहे ते सांगत नाही. बँकेच्या खात्यात आत्ता पैसे जमा होतायत की निघतायत, एवढंच तो सांगतो. शिल्लक बघायची तर व्होल्ट मोजायला लागतात. आणि ते कधी मोजले, यावर सगळं अवलंबून आहे. "माझ्या बॅटरीला साडेबारा दाखवतंय" असा मेसेज आला की आम्ही आधी विचारतो, इंजिन बंद असताना, सेल्फ मारताना की चालू असताना? तिन्हीचे अर्थ वेगळे.

*पहिला आकडा: ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना*

सकाळी चावी न लावता मोजा. आदल्या दिवशी ट्रॅक्टर चालवून लगेच मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो, म्हणून रात्र जाऊ द्यावी. घाईच असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, जरा थांबा आणि मग मोजा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल काडी अधिकच्या शिशाच्या खुंटीवर आणि काळी उण्याच्या खुंटीवर टेकवा. खुंटीवरच, लगवर नको. का ते पुढे येईल.

१२.६ किंवा त्याच्या वर: भरलेली
१२.४: पाऊण
१२.२: निम्मी
१२.०: पाव
११.८ च्या खाली: रिकामीच समजा

म्हणजे "बारा व्होल्ट आहेत, बॅटरी ठीक आहे" हे चूक. उभ्या ट्रॅक्टरला बाराच व्होल्ट असतील तर तीन हिस्से बॅटरी संपलेली आहे. बॅटरीत सहा कप्पे असतात आणि भरलेला प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. रात्रभर चार्जिंगला लावूनही आकडा साडेदहाच्या आसपासच अडकला, तर बहुतेक एक कप्पा मेलेला आहे. तिच्यावर पुन्हा चार्जिंगचा खर्च करण्यात अर्थ नाही.

आकडा कमी आला म्हणून लगेच बॅटरीला नाव ठेवू नका. बॅटरी नुसती उभी राहिली तरी हळूहळू उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडली की प्लेटांवर पांढरा थर घट्ट बसून ती कायमची कमजोर होते. आधी पूर्ण चार्ज करा, एक रात्र ठेवा, मग मोजा. पुढच्या पावसाळ्यात ट्रॅक्टर लावून ठेवताना उण्याची लग काढून ठेवा आणि महिन्याला एकदा चार्ज करा.

*दुसरा आकडा: सेल्फ मारताना*

खरी परीक्षा इथे आहे. गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, हँडब्रेक लावलेला, इंजिन बंद करायची दांडी ओढून धरलेली, म्हणजे इंजिन चालू न होता नुसतं फिरेल. एकाने सीटवर बसून सेल्फ मारायचा, दुसऱ्याने पंख्या-पट्ट्यापासून लांब राहून खुंट्यांवर मीटर धरायचं. पाच-सात सेकंद पुरे. दहाच्या वर सलग मारू नका, सेल्फ तापतो.

बॅटरी भरलेली असेल आणि आकडा दहाच्या आसपास किंवा वर टिकला, तर ती दमदार आहे. साडेनऊच्या खाली घसरून सात-आठवर आला, तर बॅटरीत दम राहिलेला नाही. क्वचित सेल्फच आत जाम असतो, तेव्हाही असंच होतं.

तिसरी गोष्ट मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. सेल्फ फिरत नाही, नुसतं टक् वाजतं आणि तरी खुंट्यांवर साडेअकरा-बारा व्होल्ट दिसतात. याचा अर्थ बॅटरीतून करंट निघतच नाहीये. वाटेत कुठेतरी अडतोय. ही बॅटरी बदलून काडीचा फायदा नाही.

ती अडचण शोधायची सोपी युक्ती अशी. मीटरची एक काडी बॅटरीच्या उण्याच्या *खुंटीवर*, दुसरी इंजिनच्या उघड्या, स्वच्छ लोखंडावर. आता सेल्फ मारायला सांगा. वायर चांगली असेल तर मीटर जवळजवळ शून्य, फार तर पाव व्होल्ट दाखवेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय, सैल आहे किंवा तिच्या तारा तुटल्यात. तसंच अधिकच्या बाजूला: एक काडी अधिकच्या खुंटीवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. बोल्ट दोन असतील तर बॅटरीकडून केबल येते तो पकडा. इथेही अर्ध्या व्होल्टच्या वर म्हणजे केबल किंवा लग खराब. केबल ठीक निघाली आणि तरी नुसतं टक्, तर दोष सोलेनॉइडचा किंवा सेल्फचा.

आता खुंटी आणि लग यांचा मुद्दा. दोघांच्या मध्ये पांढरा-हिरवा क्षार साचतो आणि तोच करंट अडवतो. मीटर लगवर टेकवलंत तर हा दोष कधी मोजण्यात सापडेल, कधी सटकेल. खुंटीवर टेकवलंत तर सापडतोच. उपाय फुकटातला: आधी उण्याची लग काढा, मग अधिकची. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा (झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत जाता कामा नये), पॉलिश पेपरने शिसं चकचकीत करा, लग आवळा, वरून व्हॅसलिन. जोडताना आधी अधिक, शेवटी उणे. अर्थिंगच्या पट्टीचं दुसरं टोक चेसिसला जिथे बसतं, तिथला रंग आणि गंजही खरवडा. दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन रंगवून घेतात तेव्हा या बोल्टवरही हौसेने रंग मारलेला असतो. रंगातून करंट जात नाही.

*तिसरा आकडा: इंजिन चालू असताना*

रेस थोडी वाढवून खुंट्यांवर मोजा. साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. १२.५ च दिसतात आणि हळूहळू कमी होतायत, तर चार्जिंगच होत नाहीये. आधी पट्टा बघा. सैल किंवा तेलकट पट्टा हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सापडणारं कारण. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय. मग बॅटरी उकळते, पाणी भराभर कमी होतं, आंबट वास येतो आणि बल्ब उडतात.

आता काट्याकडे बघा. निरोगी ट्रॅक्टरवर चालू केल्याबरोबर काटा अधिककडे चांगला सरकतो, कारण सेल्फने खर्च केलेलं बॅटरी परत भरून घेत असते. मग तो हळूहळू खाली येऊन शून्याच्या जरा उजवीकडे थांबतो. बरेच जण शून्याजवळचा काटा पाहून घाबरतात, पण पोट भरलं की माणूस ताट सारतो, तसंच आहे ते. काळजी उलट्या वेळी करायची. दोन-तीन तास नांगरट झाली तरी काटा अधिककडे तसाच ताणलेला असेल, तर एक तर बॅटरी भरूनच घेत नाही किंवा रेग्युलेटर जास्त ढकलतोय. तेव्हा व्होल्ट मोजा, उत्तर मिळेल.

रात्री लाइट लावून कमी रेसवर काटा उणेकडे जात असेल आणि रेस वाढवली की अधिककडे येत असेल, तर डायनामो असलेल्या जुन्या ट्रॅक्टरला हे नेहमीचं आहे. डायनामो कमी फेऱ्यांवर चार्ज करत नाही आणि जोरात असतानाही बऱ्याच जुन्या डायनामोंची ताकद दहा-बारा अँपिअरचीच. आता हिशेब करा: ५५ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॉट, म्हणजे नऊ अँपिअर. त्यावर मागचा लाइट, एलईडीची पट्टी आणि गाणी वाजवायला मोठा टेप. उसाच्या खेपांना रात्रभर टेप चालू आणि पहाटे सेल्फ फिरत नाही, यात बॅटरीचा काय दोष?

लाल चार्जिंग दिवा असेल तर चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि चालू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागतच नसेल तर "चला, दोष नाही" असं समजू नका. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो. बल्ब गेला की अल्टरनेटर उठतच नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी अल्टरनेटर उघडून बसलेले लोक आहेत.

डिझेल आणि टेंपरेचरचे काटे दोन्ही एकदम वर गेले, तर इंजिन तापलं असं धरून आधी थांबा, लांबून बघा. इंजिन थंड निघालं तर डॅशबोर्डमागची अर्थिंग तपासा.

*हे करू नका*

इंजिन चालू असताना बॅटरीची लग काढून "चार्जिंग बघायची" पद्धत डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरवर तसं केलं की व्होल्ट उसळतात आणि आतले डायोड जळू शकतात. मेकॅनिक कितीही जुना असो, हात धरा.

सेल्फवर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवून खाली उभं राहून ट्रॅक्टर चालू करू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो त्याच क्षणी पुढे झेपावतो आणि तुम्ही उभे असता नेमके चाकासमोर. यात माणसं जातात. टक् वाजतंय तर वरच्या तपासण्या करा, पाना नको.

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ विडी, काडेपेटी, ग्राइंडर नको. पाणी बघायला मोबाइलची बॅटरी लावा, लायटर नाही. पाणी डिस्टिल्डच, बोअरचं अजिबात नको. प्लेटांच्या वर बोटाच्या जाडीएवढं पुरे, आणि ॲसिड वरून कधी ओतू नका. अंगावर-डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा आणि डोळ्याचं असेल तर थेट दवाखाना.

अँपिअर मीटरच्या मागचे दोन नट वर्षातून एकदा आवळा, पण आधी बॅटरीची उण्याची लग काढून. सेल्फ सोडला तर बहुतेक सगळा करंट त्यातून जातो. नट सैल झाला की तापतो आणि वायर जळते. डायनामो काढून मोठा अल्टरनेटर बसवला असेल तर जुनं ३० अँपिअरचं मीटर त्याला पुरत नाही. अशा वेळी ते काढून दोन्ही वायरी एकमेकींना पक्क्या जोडून टेप मारून घ्या आणि चावीनंतरच्या लाइनवर छोट्या फ्यूजसह व्होल्टमीटर बसवा. आमच्या मते जुन्या ट्रॅक्टरवर करण्यासारखा हा सगळ्यात कामाचा बदल.

कंपनीच्या अवजार बँकेत मल्टिमीटर आणि हायड्रोमीटर ठेवले आहेत, सभासदांना एक दिवसासाठी मिळतील. हायड्रोमीटरने सहाही कप्पे बघा. एक कप्पा बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर दोष तिथेच आहे. मोजून झाल्यावर तीन आकडे (उभा असताना, सेल्फ मारताना, चालू असताना), ट्रॅक्टरचं मॉडेल आणि डायनामो आहे की अल्टरनेटर, एवढं याच नंबरवर पाठवा. काय बदलायचं आणि काय नाही, ते कळवू. तोवर दुकानात जाऊ नका.