उंबरठ्याआतली कचेरी

नोकरदार माणसाच्या आयुष्यात पूर्वी घर आणि कचेरी यांच्यामध्ये एक लोकलगाडी असे. सकाळी भरलेला डबा घेऊन निघालेला गृहस्थ संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परते. कचेरीच्या फायली कचेरीच्या कपाटात आणि घरची कागदपत्रे माळ्यावरच्या ट्रंकेत, अशी सुटसुटीत वाटणी होती. साहेबांच्या टेबलावरचा कागद स्वयंपाकघरापर्यंत पोचण्याचा संभव फारसा नव्हता. पोचलाच तर तो रद्दीतून, चिवड्याची पुडी होऊन पोचे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि मधली ही लोकलगाडीच निघून गेली. पुण्यामुंबईच्या असंख्य घरांत जेवणाचे टेबल हीच कचेरी झाली. पुढे साथ ओसरली, पुष्कळ कंपन्यांनी माणसांना परत बोलावले. पण आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करण्याची रीत अनेक ठिकाणी रुळली ती रुळलीच.

त्याच सुमारास आपली घरेही ‘स्मार्ट’ होऊ लागली होती. दारावरच्या घंटेला डोळा फुटला. कोपऱ्यातला स्पीकर हाक मारताच ‘ओ’ देऊ लागला. दिवे, पंखे, दूरदर्शनचा पडदा, बाळाच्या पाळण्यावरचा कॅमेरा, सारे फोनच्या इशाऱ्यावर चालू लागले. अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो, असे आपल्याकडे म्हणतात. ह्या शहाण्या उपकरणांच्या बाबतीत बैल जागेवरच असतो, पण गोठ्याचे दार उघडे राहण्याची भीती असते. आणि त्याच गोठ्यात आता दुसऱ्याचीही गुरे बांधलेली आहेत. आपण ज्यांची नोकरी करतो त्या कंपनीची, आणि त्या कंपनीवर विसंबलेल्या ग्राहकांची.

हे कसे घडते ते समजायला तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. चाळ आठवली तरी पुरे. चाळीत प्रत्येक खोलीला आपले दार असते, पण साऱ्या दारांसमोरून गॅलरी एकच जाते. घरातला राउटर म्हणजे ही गॅलरी. त्यावर कचेरीचा लॅपटॉप एका खोलीत, कॅमेरा दुसऱ्या खोलीत, स्वस्तातला दिवा तिसऱ्या खोलीत राहतो. लॅपटॉपच्या दाराला कंपनीने भक्कम कुलूप घातलेले असते. दिव्याच्या दाराला मात्र कारखान्यातून आली तीच कडी, आणि त्या कडीची खूण जगजाहीर. चोर दिव्याच्या खोलीत शिरला की तो गॅलरीत आला. मग शेजारची दारे एकेक करून ढकलून पाहायला त्याला वेळच वेळ मिळतो.

कोणी म्हणेल, ही केवळ कल्पना झाली. म्हणून घडलेल्या गोष्टी सांगतो.

२०१६ साली ‘मिराई’ नावाचा एक घातकी प्रोग्राम जगभर फिरला. त्याच्यापाशी फार मोठी विद्या नव्हती. कारखान्यातून येणारी नावे आणि पासवर्ड यांच्या साठेक जोड्या त्याला पाठ होत्या. इंटरनेटवर उघडे सापडलेल्या कॅमेऱ्यांवर आणि राउटरांवर तो त्या एकामागून एक लावून पाही. मालकांनी पासवर्ड बदललेलेच नसल्यामुळे लाखो उपकरणे त्याच्या हाती लागली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतल्या ‘डाइन’ ह्या कंपनीवर एकदम हल्ला चढवला. संकेतस्थळांचे पत्ते सांगण्याचे काम ही कंपनी करी. ती कोलमडताच ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठमोठी स्थळे कित्येक तास असंख्य लोकांना मिळेनाशी झाली. ज्यांच्या घरातले कॅमेरे ह्या लढाईत उतरले त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पुढे खटला चालला तेव्हा हा प्रोग्राम रचणारे तिघेही तरुण निघाले आणि २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी गुन्हा कबूल केला.

दुसरी गोष्ट घरून काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. ‘लास्टपास’ ही कंपनी लोकांचे पासवर्ड सांभाळण्याचा धंदा करते. म्हणजे किल्ल्यांचा जुडगा ठेवणारी पेढीच म्हणा ना. ग्राहकांच्या माहितीच्या साठ्यापर्यंत नेणाऱ्या खास किल्ल्या तिथे अवघ्या चार अभियंत्यांकडे होत्या. २०२२ साली चोरांनी ह्या चौघांपैकी एकाचे घर गाठले. त्याच्या घरच्या संगणकावर चित्रपट आणि गाणी साठवून पाहण्याचा एक प्रोग्राम होता, ‘प्लेक्स’ नावाचा. त्यातल्या दोषावरची दुरुस्ती २०२० च्या मे महिन्यातच निघाली होती. ह्या गृहस्थाने ती कधी बसवलीच नव्हती. त्या छिद्रातून चोर आत आले, आणि कळफलकावर दाबलेले प्रत्येक अक्षर टिपून घेणारा हेर त्यांनी संगणकात बसवला. अभियंत्याने दुहेरी ओळख पटवून मुख्य पासवर्ड टाइप केला, आणि तोच पासवर्ड चोरांच्या हाती पडला. पुढे ग्राहकांची नावे, पत्ते आणि कुलूपबंद पेटाऱ्यांच्या नकला बाहेर गेल्या. एवढ्या मोठ्या पेढीला भोक पडले ते एका घरातल्या करमणुकीच्या वाटेने!

तिसरी गोष्ट ऐकायला गमतीची वाटते. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातले एक जोडपे घरात लाकडी फरशीबद्दल बोलत होते. कोपऱ्यातल्या ॲमेझॉनच्या स्पीकरला त्या बोलण्यात आपले नाव ऐकू आल्यासारखे वाटले, मग ‘निरोप पाठव’ असेही ऐकू आले, आणि त्याने ते सारे संभाषण नोंदवून परस्पर पाठवून दिले. पाठवले कोणाला? तर नवऱ्याच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाला. कंपनीने ही घटना मान्य केली आणि ऐकण्यातल्या चुकांची ही साखळी उलगडूनही दाखवली. फरशीच्या जागी पगारवाढ, कामावरून कमी करणे किंवा एखाद्या अशिलाचा दावा असा विषय असता तर? लंडनच्या ‘मिश्कॉन द रेया’ ह्या वकिली पेढीने हा धोका ओळखला. २०२० च्या मार्चमध्ये तिची माणसे घरून काम करू लागली, तेव्हा अशिलांविषयी बोलताना असे स्पीकर बंद करा, अशी सूचना तिने त्यांना दिली.

ह्या गोष्टी परक्या देशांतल्या असल्या तरी उपकरणे तीच आहेत आणि गॅलरीही तशीच आहे. समजा, डोंबिवलीतला एक करसल्लागार आहे. त्याच्या दोन मदतनीस मुली आपापल्या घरून विवरणपत्रे भरतात. त्यांच्या लॅपटॉपवर शेकडो कुटुंबांचे पॅन क्रमांक, पगार, कर्जे, बँकेची खाती आहेत. त्या कुटुंबांनी विश्वास टाकला तो सल्लागारावर. त्यांचे कागद भिवंडीच्या एका घरात, ज्याचा पासवर्ड कधीच बदललेला नाही अशा कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवलेले आहेत, हे त्यांना ठाऊकही नाही. दुसऱ्याची ठेव सांभाळताना स्वतःच्या वस्तूपेक्षा जास्त जपावे, ही शिकवण आपल्या घरांत जुनीच आहे. ठेवीचे रूप तेवढे बदलले आहे.

मग दोष कोणाचा? इथे रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आठवते. दूध विकायला गडावर गेलेली ही गवळण संध्याकाळी दरवाजे मिटल्यामुळे वर अडकली आणि घरच्या तान्ह्या बाळासाठी अवघड कडा उतरून गेली. जिथून एक आई उतरू शकते तिथून शत्रू चढूही शकतो, हे महाराजांनी ताडले. त्यांनी तिला शिक्षा न करता तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. आजच्या मालकवर्गाने ह्या कथेतले शहाणपण घ्यावे. ‘माझ्या लॅपटॉपचे काहीतरी बिघडलेले दिसते’ असे सांगणाऱ्याच्या अंगावर जो मालक खेकसतो, त्याच्याकडे पुढच्या वेळी कोणी सांगायला येत नाही. आणि न सांगितलेला कडा तसाच उघडा राहतो. कामासाठी वेगळा लॅपटॉप द्यावा, महत्त्वाच्या किल्ल्या घरच्या संगणकावर चालूच नयेत अशी सोय करावी, आणि नोकराने बुरुजाची जागा दाखवली तर त्याचे आभार मानावेत. हा खर्च मालकाचाच आहे, कारण गडही त्याचाच आहे.

सरकारेही थोडीफार जागी झाली आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा घरगुती उपकरणांवर सरसकट ठेवले जाणारे ठरावीक, सोपे पासवर्ड कायद्याने बंद झाले. पण कायदा येण्यापूर्वी विकत घेतलेला कॅमेरा आपल्या भिंतीवर आहेच, आणि त्याची काळजी आपल्यालाच घ्यावी लागणार.

ती काळजी फार खर्चाची नाही. राउटरचा आणि प्रत्येक उपकरणाचा पासवर्ड बदलावा. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ ठेवण्याची सोय असते. दिवे, टीव्ही, कॅमेरे ह्या पाहुणेमंडळींना तिकडे बसवावे आणि कचेरीचा लॅपटॉप माजघरात ठेवावा, म्हणजे गॅलऱ्या दोन होतात. दुरुस्त्या आल्या की त्याच दिवशी बसवाव्यात. ज्या उपकरणाला कंपनी आता दुरुस्त्याच देत नाही ते इंटरनेटवरून काढून टाकावे. कामाच्या खोलीत ऐकणारा स्पीकर नको. आणि कचेरीचा लॅपटॉप मुलांच्या खेळासाठी देऊ नये, मग धाकट्याने कितीही भोकाड पसरो.

लक्ष्मीपूजनाला पूर्वी पेढीवर चोपड्या मांडत. आता पुष्कळ घरांत त्या जागी लॅपटॉप येतो आणि त्यालाही हळदकुंकू लागते. यंदा ते लावण्याआधी राउटर आणि कॅमेरा यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तेच आहेत का, एवढे घरातल्या जाणत्या मुलाकडून पाहून घ्यावे. तेच असले तर आधी ते बदलावेत, मग दिवे लावावेत.