पांढरी पडलेली काच

पोर्शे 911 ही गाडी 1963 साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. त्यानंतर 1989पर्यंत इंजिनं बदलली, बंपर बदलले, पण पुढच्या काचेचा आकार जवळजवळ तोच राहिला. त्यामुळे या जुन्या गाडीसाठी नवी काच मिळवणं आजही अवघड नाही. तरीही अनेक संग्राहक ती बदलायला तयार नसतात. मूळ काचेवर बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का असतो. सेकुरिट किंवा सिग्ला यांचा शिक्का गाडीच्या वर्षाशी जुळला, तर गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे याचा तो एक पुरावा ठरतो. मग काचेच्या कडेने दुधाळ पांढरा पट्टा पसरत आत आला, तरी मालक तो सोसत राहतात.

हा पट्टा घासून जात नाही, कारण तो काचेच्या पृष्ठभागावर नसतो, पोटात असतो. गाडीची पुढची काच एकसंध नसते. दोन पातळ काचांच्या मध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल, म्हणजेच पीव्हीबी, या प्लॅस्टिकचा थर असतो. हे तिन्ही थर सुमारे 140 अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या बारा-तेरा पट दाबाखाली एकजीव केले जातात. पीव्हीबीच्या रेणूंवरचे हायड्रॉक्सिल गट काचेच्या पृष्ठभागाला धरून ठेवतात. पण पाण्याच्या रेणूलाही काचेची तेवढीच ओढ असते. काचेची कड ज्या रबराच्या बीडिंगमध्ये बसलेली असते, तिथे पावसाचं आणि धुण्याचं पाणी साचून राहतं. वर्षानुवर्षं ते कडेकडेने आत झिरपतं आणि प्लॅस्टिकची जागा बळकावतं. थर सुटू लागतात.

सुटलेला थर पांढरा का दिसतो? काचेचा अपवर्तनांक सुमारे 1.52 आणि पीव्हीबीचा सुमारे 1.48. दोन्ही इतके जवळ की त्यांच्या सीमेवरून प्रकाशाचा फक्त 0.02 टक्के भाग परत फिरतो, म्हणून मधला थर आपल्याला दिसतच नाही. थर सुटून मध्ये हवा शिरली की हिशेब पालटतो. काच आणि हवा यांच्या सीमेवरून सुमारे 4 टक्के प्रकाश परततो, म्हणजे दोनशे पट. असे असंख्य सूक्ष्म बुडबुडे झाले की प्रकाश दाही दिशांना विखुरतो. पारदर्शक खडीसाखर कुटली की पांढरीशुभ्र दिसते, त्यामागेही हेच भौतिकशास्त्र आहे.

या काचेची कुळकथा सांगायला हवी, कारण संग्राहकांचा पेच तिच्यातूनच सुटतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ आणि चित्रकार एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून 1903 साली एक चंबू पडला. तो तडकला, पण तुकडे विखुरले नाहीत. आत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण होतं आणि त्याचा पापुद्रा काचेला चिकटून राहिला होता. 1909 साली त्यांनी दोन काचांमध्ये असा थर घालण्याचं पेटंट मागितलं. सेल्युलोज नायट्रेट मात्र उन्हाने पिवळं पडे. तीसच्या दशकाच्या अखेरीस पीव्हीबी आलं आणि पिवळेपणाची तक्रार मिटली. तरी एक उणीव राहिली. तेव्हा हा थर साधारण 0.38 मिलीमीटर जाडीचा असे आणि जोराच्या धडकेत माणसाचं डोकं काच फाडून बाहेर जाई. अमेरिकेत 1966च्या मॉडेलपासून थराची जाडी दुप्पट, म्हणजे 0.76 मिलीमीटर झाली. तो थर ताणला जातो, पण सहजासहजी फाटत नाही.

म्हणून मला वाटतं, मूळ इंजिन, मूळ रंग, मूळ आसनं यांचा आग्रह धरावा तेवढा थोडा, पण थर सुटलेल्या काचेला तो लावू नये. या काचेचं काम दोनच गोष्टींचं: आरपार दिसू देणं आणि फुटली तरी माणसाला कापू न देणं. ज्या भागात प्लॅस्टिकने काचेची पकड सोडली, तिथे फुटलेले तुकडे धरून ठेवायला काही उरत नाही. तिथे ती काच आपलं काम सोडून बसलेली असते.

थर शाबूत असला तरी वाळू आणि खडी यांच्या माऱ्याने काचेला हजारो बारीक खळगे पडलेले असतात. दिवसा ते जाणवत नाहीत. रात्री समोरून दिवे आले किंवा मावळतीचं ऊन तिरपं पडलं की प्रत्येक खळगा प्रकाश उधळतो आणि समोरचा माणूस त्या झगमगाटात हरवतो. सेरियम ऑक्साइडने घासून वायपरचे हलके ओरखडे घालवता येतात. खोल खळगे घालवायला गेलं तर काच कुठे कमी, कुठे जास्त झिजते, तिचं वेडंवाकडं भिंग बनतं आणि रस्ता लाटांसारखा हलताना दिसतो.

काच बदलायचं ठरलं की खरी कसोटी ती काढताना लागते. इंग्लंडमध्ये फार्नबरोला विमानांवर संशोधन करणारे ए. ए. ग्रिफिथ यांनी 1921च्या निबंधात काच हिशेबापेक्षा इतकी लवकर का तुटते याचा उलगडा केला. पृष्ठभागावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो. जुन्या काचेच्या कडेला अशा चिरा विपुल असतात आणि ओलावा त्या वाढवत असतो. पाना किंवा स्क्रूड्रायव्हर घालून काच उचकटली की तडा आडवा जातो. जुनं रबर वाचवायचा मोह सोडून ते धारदार पात्याने कापून काढावं. रबर नवं मिळतं, जुनी काच अखंड निघाली तर ती मोलाची असते.

रबर निघाल्यावर जे दिसतं, त्यावर पुढचा बराचसा खर्च ठरतो. काचेला ज्याने पांढरं केलं, त्याच पाण्याने खालचा पत्राही खाल्लेला असतो. पोर्शेने 1976च्या मॉडेलपासून 911च्या सांगाड्याला जस्ताचा मुलामा दिला. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, त्यामुळे या गाड्या बऱ्या निघतात. त्याआधीच्या गाड्यांत चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत भोकंही सापडतात. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असतं. पत्रा फुगतो, काचेला एका जागी रेटतो, आणि अशा चौकटीत घाईने बसवलेली नवी काच काही दिवसांत आपोआप तडकू शकते. गंज धातूपर्यंत खरवडणं, गरज पडल्यास नवा पत्रा जोडणं, प्रायमर, रंग, आणि रंग पूर्ण वाळेपर्यंत थांबणं: यातली एकही पायरी गाळण्यासारखी नाही.

बसवण्याची रीत साधी आणि सुंदर आहे. आजच्या गाड्यांची काच पॉलियुरेथेनने चिकटवतात. या गाडीची काच फक्त रबर धरून ठेवतं. आधी काचेभोवती नवं रबर चढवायचं, चकचकीत पट्टी त्याच्या खाचेत बसवायची, मग आतल्या खाचेत सगळीकडून एक मजबूत दोरी फिरवून तिची टोकं गाडीत सोडायची. रबराला साबणाचं पाणी लावायचं. बाहेरचा माणूस तळव्याने काच दाबतो, आतला दोरी हळूहळू ओढतो, आणि रबराची पाळी पत्र्याच्या कडेवरून आत उलटते. कुठे अडलं तर ठोकायचं नाही. काच बाहेर काढून चौकट पुन्हा तपासायची.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर कडेचा पांढरा पट्टा आणखी आत सरकायची वाट पाहू नका. काच अखंड उतरवा, शिक्क्याचा फोटो काढा, आणि ती उभी ठेवून कोरड्या जागी जपा. गाडी विकाल तेव्हा ती पुढच्या मालकाच्या हाती द्या. मात्र रस्त्यावर गाडी काढाल, तेव्हा तिला नवी काचच असू द्या.