दार आतून उघडतंय का?

रविवारी संध्याकाळी साडेसहाला मी मित्रांच्या ग्रुपवर दोन फोटो टाकले. काळा डोअर पॅड आणि त्यावर क्रोमची दोन चकचकीत हँडल्स. एक दार उघडायचं, दुसरं काच वर-खाली करायचं. पाच मिनिटांत धडाधड 'वॉव' आले. पावणेसातला बायको त्या गाडीत बसली, तिनं दार ओढून घेतलं आणि सात वाजेपर्यंत ती आतच होती!

झालं असं, की दाराचं हँडल फिरत होतं, पण दार उघडत नव्हतं. मग काच खाली करून बाहेरून हात घालावा म्हणून तिनं दुसरं हँडल फिरवलं, तर तेच हातात आलं. पलीकडच्या दाराला गॅरेजची भिंत. वर हूड लावलेलं. हॉर्न वाजवावा, तर बॅटरी मीच काढून ठेवलेली. बाहेरून दार उघडणं म्हणजे दोन सेकंदांचं काम, पण मी चहा टाकायला घरात गेलो होतो आणि नेमका ऑफिसचा फोन आला.

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पिल्लूला मी या गाडीत बसवणार नाही. आणि बाबांनाही नाही."

बाबा पुढच्या शनिवारी पुण्याहून येणार होते.

साहेबाची गाडी, आपली बहीण

आधी गाडीची ओळख. ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क टू, 1966 सालची, 1147 सीसी, दोन सीट. मी नोकरीसाठी कॉव्हेंट्रीत राहतो आणि ही गाडी इथल्याच कॅन्लीच्या कारखान्यात जन्मली. म्हणजे मी तिच्या माहेरात येऊन तिला दुरुस्त करतोय! तो कारखाना 1980 मध्ये थांबला, स्पिटफायरही त्याच वर्षी संपली. त्या भागात आता बिझनेस पार्क आहे. पण रस्त्यांच्या पाट्या वाचा... हेरल्ड अ‍ॅव्हेन्यू, डॉलोमाइट अ‍ॅव्हेन्यू. दोन्ही ट्रायम्फच्या गाड्या.

हेरल्ड म्हटलं की आपल्याकडच्या पन्नाशी-साठी पार केलेल्यांचे डोळे चमकतात. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं 1961 पासून ती 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणून भारतात बनवली. अँबॅसिडर आणि फियाटच्या जमान्यातली तिसरी गाडी. स्पिटफायर ही तिची सख्खी धाकटी बहीण. दोघींचं डिझाईन इटलीच्या जिओव्हानी मिकेलोटीचं. हेरल्डच्या चॅसिसवरूनच स्पिटफायरची चॅसिस बेतली, फक्त व्हीलबेस साडेएक्क्याण्णव इंचांवरून 83 वर आणला. दोघींचंही बॉनेट मडगार्डांसकट अख्खंच्या अख्खं पुढे कलंडतं. इंजिनपाशी बसून काम करायला याहून सोयीची गाडी मी तरी पाहिली नाही.

आमच्याकडे नाशिकला हेरल्ड होती. बाबांनी सेकंडहँड घेतलेली, दोन दारांची, करड्या रंगाची. मी शाळेत जायच्या आतच ती विकली गेली. मला आठवतो तो फक्त तिच्या सीटचा उन्हात तापलेला वास. बाबांना मात्र तिचा नट न् नट आठवतो. दोन हिवाळ्यांपूर्वी मी ही गाडी घेतली तेव्हा कारण विचारणाऱ्यांना 'गुंतवणूक' असं सांगत होतो. खोटं कशाला बोलू, कारण ती करडी हेरल्ड होती.

हँडल म्हणजे चैन?

इंजिन झालं, ब्रेक झाले, पत्रा झाला. शेवटी दारं. लोक इथेच गाफील राहतात. मीही राहिलो. हँडल बसवायला काय लागतं हो? वीस मिनिटं!

खरं तर स्वस्त स्पोर्ट्‌स कारच्या दाराला हँडल असणं हीच एके काळी चैन होती. 1958 ची ऑस्टिन-हीली स्प्राइट घ्या. तिच्या दाराला बाहेरून हँडलच नव्हतं. आत हात घालायचा आणि दार उघडायचं. काचाही वर-खाली होणाऱ्या नाहीत, काढ-घाल करायचे पडदे. 1962 मध्ये स्पिटफायर आली ती वर-खाली होणाऱ्या काचा घेऊन, तेव्हा हा मोठाच फंडा होता. स्प्राइटला तशा काचा मिळायला 1964 उजाडलं.

आता या हँडलचं गुपित. त्याला बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. हँडलमागे एक गोल चकती असते. ती चकती पॅडच्या दिशेनं आत दाबली, की हँडलच्या मानेत एक बारीक भोक दिसतं. त्यातून एक स्टीलची पिन आरपार जाते, अर्ध्या आगकाडीएवढी, आणि हँडलला आतल्या दांड्याशी बांधते. चकती सोडली की पिन झाकली जाते. बाहेर पडायला तिला जागाच नाही. दाबून धरायचं काम एक स्प्रिंग करते. ती पॅडच्या मागे दांड्यावर असते, रुंद तोंड दाराच्या पत्र्याकडे. स्प्रिंग पॅडला बाहेर ढकलते, पॅड चकतीला, चकती हँडलला. साठ वर्षांपूर्वीची आयडिया, पण सॉलिड.

आणि माझ्या दोन्ही स्प्रिंगा कुठे होत्या? बिस्किटाच्या डब्यात. सगळं बसवून झाल्यावर डबा आवरताना सापडल्या, तेव्हा मी मनाशी म्हटलं, चालतंय की! नाही चाललं. स्प्रिंग नसल्यानं चकती ढिली, ती सरकली, पिन निसटली आणि काचेचं हँडल बायकोच्या हातात आलं.

दाराची भानगड वेगळी होती. आतलं हँडल दाराच्या मधोमध असतं आणि लॉक मागच्या कडेला. दोघांना जोडतो एक लांब रॉड. ज्या यंत्रणेवर हँडल बसतं तिच्या स्क्रूंची भोकं लांबट ठेवलेली असतात, म्हणजे ती थोडी पुढे-मागे सरकवून रॉडमधला ढिलेपणा काढता येतो. मी ती रंगानंतर जशी हाताला आली तशी आवळून टाकली होती. हँडलची निम्मी फेरी रॉडचा झोल काढण्यातच वाया जायची, लॉकपर्यंत काही पोचायचंच नाही. उलट फार ताणलं तरी पंचाईत. मग लॉक अर्धवट ओढलेलं राहतं आणि एखाद्या वळणावर दार आपणहून उघडू शकतं. आतून न उघडणारं दार वाईट, की चालत्या गाडीत उघडणारं? चॉईस तुमचा.

म्हणून माझं ऐका. पॅड लावायच्या आधी हँडल नुसतं दांड्यावर अडकवा, दार बंद करा आणि आत बसून दहा वेळा उघडून बघा. काच खाली ठेवून, अर्थात! मगच पॅड. पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवायला विसरू नका. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आतच उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. कागद नसेल तर पॅडचा हार्डबोर्ड ते पितो आणि पापडासारखा वाकडा होतो. माझे जुने पॅड तसेच निघाले होते.

तिसरा हात

बाबा आले. हेरल्ड अ‍ॅव्हेन्यूच्या पाटीखाली त्यांचा फोटो काढून झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता न करताच ते गॅरेजमध्ये. मी पॅड पुन्हा उतरवला होता, रॉड जुळवला होता. आता फक्त स्प्रिंगा, चकत्या, हँडल्स आणि दोन पिना.

इथे एक सांगायला हवं. दोन वर्षांपासून बाबांच्या उजव्या हाताला कंप आहे. पार्किन्सन्स. घरात त्यावर फारसं बोलत नाही. ते कप अर्धाच भरून घेतात आणि आम्ही न पाहिल्यासारखं करतो.

"आण ती पिन," बाबा म्हणाले.

मी दिली. त्यांनी डाव्या अंगठ्यानं चकती दाबली आणि उजव्या हातानं पिन भोकाशी नेली. पडली. मी उचलून दिली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा कुठे गेली ते दिसलंच नाही, सीटखाली मॅग्नेट फिरवला तेव्हा मिळाली. मला 'राहू द्या बाबा' म्हणायचं होतं. म्हटलं नाही. ते आपल्या हाताकडे बघत होते, जणू तो हात शेजाऱ्याचा आहे.

मग म्हणाले, "अरे, ग्रीस आहे का?"

"आहे ना."

"स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला थेंबभर लाव. त्याला पिन चिकटव. नाशिकला आम्ही असंच करायचो. आणि चकती एका हातानं दबत नाही, दोन अंगठे लागतात. ते मी धरतो. तू पिन घाल."

त्यांनी दोन्ही अंगठे चकतीवर टेकवले आणि सगळं वजन टाकलं. दाबून धरलेला हात थरथरत नव्हता, निदान मला तरी तसं दिसलं नाही. भोक समोर आलं. ग्रीसला चिकटलेली पिन मी आत सरकवली, टोकानं हलकेच ढकलली. "सोडा," मी म्हटलं. चकती टप्‌कन बाहेर आली आणि पिन गायब.

मी एकट्यानं अख्खा रविवार घालवलेलं काम. दोन्ही हँडल्सना मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत.

बाबा आत बसले, दार लावून घेतलं. मी बाहेर उभा. हँडल फिरलं, दार उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. पाच-सहा वेळा. मग त्यांनी काच पूर्ण वर केली, पूर्ण खाली केली आणि हँडल नेमकं कुठल्या कोनात थांबतंय ते बघितलं.

"गुडघ्याला लागतंय," ते म्हणाले. "काढ परत. थोडं फिरवून बसवू."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. पिल्लू तिच्या कडेवर. "आतून उघडतंय का?" तिनं विचारलं.

"उघडतंय," बाबा म्हणाले. "पण अजून दहा मिनिटं थांबा."